ठासणीची बंदूक अन् तुपाची वाटी

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं नेहमीसारखे चांदमारीच्या मैदानावर होतो. मी बंदूक ठासून देत होतो अन् माझी बायको बार काढत होती. पंचवीस मीटरवर फळीला कागद लावलेला. चार बार झाले. मैदानाचा हवालदार कागदापाशी गेला, वाकून पाहिलं अन् तिथूनच चार बोटं वर केली. म्हणजे चारही वाटीत.

वाटी म्हणजे आमच्या घरची तूप वाढायची पितळेची वाटी. कागदावरच्या भोकांवर ती उपडी ठेवायची अन् भोवती पेन्सिल फिरवायची. आत किती राहिल्या, बाहेर किती गेल्या, मोजायचं. सात वर्षांपासून बायकोचं एकच म्हणणं होतं, की तिच्या वडलांची ही जुनी ठासणीची बंदूक पाचच्या पाच गोळ्या त्या वाटीखाली टाकते. चार याआधी बरेचदा पडल्या होत्या. पाच कधीच नाही.

मी पाचव्या बारासाठी नळी पुसायचा फडका हातात घेतला, तर ती म्हणाली, "राहू द्या."

"काहून?"

"हात जड झाला. पाचवी उद्या."

"उद्या सोमवार आहे."

"सोमवारी काय गोळीचा उपास असते?"

सात वर्षांत तिनं पाचाचा कागद कधी अर्धा सोडला नव्हता. एकदा गारा पडत होत्या तर मला छत्री धरायला लावून तिनं पाचवा बार काढला. एकदा लेकीच्या सासरचे लोक घरी येऊन बसले, निरोप आला, तरी पाच पूर्ण करूनच उठली. तेव्हा ती "उद्या" म्हणाली तिथंच मला समजायला पाहिजे होतं. मला नाही समजलं. मला वाटलं उन्हानं झालं असेल. मी तिला टपरीवर चहा पाजला. स्कूटरवर मागे बसून, बंदूक मांडीवर आडवी धरून ती घरी, दीक्षितपुऱ्याला, आली. मटारची उसळ केली, मला वाढली, स्वतः दोन घास खाल्ले. जरा पडते म्हणाली. चार वाजता चहाला उठवायला गेलो तर हात थंड होता.

मी लिहिणारा माणूस नाही. चौथीत शाळा सुटली अन् पुढं चौतीस वर्षं कारखान्यात खरादीवर, म्हणजे लेथ मशीनवर, उभा राहिलो. पण मोहल्ल्यात तिला अजून "बंदूकवाली आंटी" म्हणतात अन् मागून डोक्याला बोट लावून दाखवतात. येडी होती, हे मी पण म्हणतो. पण कशी येडी होती ते त्यांना माहीत नाही, म्हणून लिहून राहिलो.

बंदूक तिच्या वडलांची. आमच्यासारखेच ते लोक मूळचे विदर्भातले. राज्यं नव्यानं वाटली गेली तेव्हा आमची गावं महाराष्ट्रात गेली अन् आम्ही इकडं मध्य प्रदेशात राहिलो. सासऱ्यांची इकडंच पाटणजवळ शेती होती. मटार अन् हरभरा. त्या मटारावर रानडुकरं यायची, म्हणून सरकारनं त्यांना बंदुकीचा परवाना दिला होता. ठासणीची म्हणजे मागून काडतूस घालायची नाही. नळीच्या तोंडातून आधी बारूद, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, मग लोखंडी गजानं ठासायचं, मागे टोपी बसवायची अन् घोडा ओढायचा. एक बार काढायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर डुक्कर जेवून घरी जाते.

सासरे गेले. ती एकुलती एक. शेत चुलतभावांना दिलं अन् बंदूक स्वतः मागून घेतली. मी म्हटलं, "बाई, शेत घ्यायचं अन् बंदूक सोडायची असते. तू उलटं काहून करून राहिली?" ती म्हणे, "शेताला पाहायला लोक आहेत. हिला कोण आहे?"

परवाना तिच्या नावावर चढायला दीड वर्ष गेलं. कचेरीतला बाबू विचारे, "माताजी, आप चलाएँगी?" ती म्हणे, "नहीं, अचार डालूँगी." शेवटी झालं. खाली माझं पण नाव घातलं, म्हणजे मी पण ती नेऊ-आणू अन् चालवू शकत होतो. मी कारखान्यातून निवृत्त झालो त्याच वर्षी हे सगळं झालं. लोक निवृत्त झाल्यावर तीर्थाला जातात. आम्ही चांदमारीला जायला लागलो.

तिथल्या क्लबात एक रिटायर कर्नल साहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना वरून बोलायचा. पहिल्या दिवशी त्यानं आमची बंदूक हातात घेतली, नळीत डोळा लावला अन् हसला. म्हणाला, "भाभीजी, इसमें तो आटे ही नहीं हैं. ये पाइप है. ये सूअर भगाने की चीज़ है, निशाने की नहीं."

आटे म्हणजे नळीच्या आत कापलेल्या फिरत्या खाचा. त्यानं गोळी गरगर फिरत सरळ जाते. आमची नळी आतून गुळगुळीत. मी खराद चालवणारा माणूस, मला साहेबाचं म्हणणं पटलं होतं. मी गप बसलो. ती गप बसली नाही. पिशवीत डबा होता. डब्यात वरणभात अन् तुपाची वाटी. तिनं वाटीतलं तूप भातावर ओतलं, वाटी पदरानं पुसली अन् साहेबापुढं धरली. "साहेब, पाच गोळ्या हिच्याखाली टाकीन. इथून तिथं."

"कब?"

"कब ते माहीत नाही. टाकीन."

साहेबाला मराठी समजत नव्हती, पण वाटी समजली. तेव्हापासून तो दर वेळी विचारे, "भाभीजी, कटोरी भरी?" अन् ती म्हणे, "अभी पक रहा है."

तिचा एक कायदा होता. एका वेळेला एकच गोष्ट बदलायची. बारूद बदलली तर चिंधी तीच ठेवायची. चिंधी बदलली तर तेल तेच. अन् प्रत्येक बदलाला पाच बार. एक नाही, तीन नाही, पाच. "एक लागली तर नशीब," ती म्हणे, "पाच लागल्या तर खरं." बंदूक रेतीच्या थैलीवर ठेवायची, म्हणजे हात हलायचा प्रश्न नाही. मी एकदा म्हटलं की थैलीवर ठेवून तर कोणीही मारेल, त्यात काय बहादुरी. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी चौथी नापास आहे हे तिला त्याच दिवशी कळलं. म्हणाली, "परीक्षा माझी नाही. परीक्षा ठासणीची आहे. माणूस मधे येऊ नये म्हणून थैली."

हा कायदा तिनं घरात पण लावला. वरण बिघडलं तर आठ दिवस फक्त मीठ बदलायचं, बाकी सगळं तसंच. मी आठ दिवस कधी अळणी, कधी खारट वरण खाल्लं. नवव्या दिवशी म्हणाली, "मिठाचा दोष नाही. डाळच खराब आहे." डॉक्टरनं माझं ब्लडप्रेशर मोजून गोळी लिहिली, तर ही त्याला म्हणाली, "अजून चार वेळा मोजा." नेपियर टाउनचा मोठा डॉक्टर, बाहेर वीस लोक बसलेले. त्यानं मोजलं बिचाऱ्यानं. चौथ्या अन् पाचव्या वेळी बरोबर निघालं. गोळी गेली कचऱ्यात.

लेकीसाठी मुलगा पाहिला तेव्हा तर हद्द झाली. एकदा पाहून पसंत करायला ती तयार नाही. मुलाला पाच वेळा घरी बोलावलं. एकदा जेवायला, एकदा नुसतं बसायला, एकदा पंखा दुरुस्त करायला. एकदा मुद्दाम दोन तास बसवून ठेवलं अन् पाणी पण विचारलं नाही. पाचव्या वेळी म्हणाली, "हो म्हणा." त्याच्या आईनं मला विचारलं, "भाईसाहब, क्या कमी थी हमारे लड़के में जो पाँच बार बुलाया?" मी म्हटलं, "बहनजी, कमी होती तो दूसरी बार नहीं बुलाती."

मी तिला विचारलं, मला तर तू एकदाच पाहिलं होतं. म्हणाली, "म्हणूनच तर."

सात वर्षं हे चाललं. कागद सगळे जपून ठेवलेले, गादीखाली, सपाट राहावे म्हणून. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात लिहिलेलं की काय बदललं. बारुदीचं माप मी खरादीवरच्या हातानं पितळेचं करून दिलं होतं, आत रेघा मारून. तिनं सगळ्या रेघांवर पाच-पाच बार काढले अन् चौथी रेघ ठरवली. मला वाटे जास्त बारूद म्हणजे जास्त जोर, जास्त जोर म्हणजे सरळ. तसं नसते. सहाव्या रेघेला कागदावर जागोजागी भोकं पडली, चाळणी झाली. "जोरात बोलणाऱ्याचं बोलणं पसरते," ती म्हणाली. ते मला होतं की बंदुकीला, विचारलं नाही.

मग चिंधीचं तेल. खोबरेल, एरंडेल, तीळ. तूप चांगलं चाललं, पाचच्या पाच वाटीजवळ. पण घरी बंदुकीला मुंग्या लागल्या. सकाळी पाहिलं तर नळीच्या तोंडातून रांग जाऊन राहिली होती, जशी लग्नाची पंगत. शेवटी मेण अन् तिळाचं तेल ठरलं.

पण खरी भानगड कापडाची. चिंधी गोळीभोवती घट्ट बसते, बारूद पेटली की तिनं फाटायचं नाही. फाटली की गोळी वाकडी गेली. बार झाला की ही समोरच्या गवतात जाऊन जळकी चिंधी शोधून आणे अन् उजेडात धरून वाचे, जशी कोणी पत्रिका वाचते. "पाहा, इथं भोक पडलं. जळालं नाही, फाटलं." जुनं लुगडं झालं, माझं धोतर झालं, कोरं मांजरपाट झालं. सगळं फाटे. मग एक दिवस मी आंघोळ करून आलो तर ही आमच्या गादीच्या पायथ्याशी कात्री घेऊन बसली होती. गादीचं ते पट्ट्यापट्ट्याचं कापड, गादीपाट म्हणतात ते. निळी पट्टी अन् पांढरी पट्टी. लग्नातली गादी, खोळ वीस वेळा धुतलेली. वीण घट्ट अन् अंगानं मऊ.

त्या रविवारी पहिल्यांदा चार वाटीखाली पडल्या. गवतातून पाचही चिंध्या अख्ख्या निघाल्या, भोक नाही. ती त्या पाच चिंध्या पदरात बांधून घरी आली.

मी म्हटलं, बाजारातून नवं गादीपाट आणू, पाहिजे तेवढं कापत बस. आणलं. फाटलं. दुसऱ्या दुकानातून आणलं, धुतलं, वाळवलं. फाटलं. आमच्या गादीचंच चाले. मग काय, दर शनिवारी गादीतून पाच चिंध्या कमी. पायथ्याकडून सुरू झालं ते वर सरकत आलं. कापूस बाहेर. मी पाय आखडून झोपायला लागलो. मी म्हटलं, "एक दिवस मी पण बंदुकीत जाईन." ती म्हणे, "तुम्ही फाटता."

मी चूक केली ती इथं. ती चार दिवसांसाठी पाटणला चुलतभावाकडं गेली होती. मला वाटलं, बाईला खूश करावं. पिंजाऱ्याला बोलावलं, कापूस पिंजून घेतला, नवी कोरी खोळ शिवून घेतली. फुगून गादी ही एवढी झाली. ती आली, गादीवर हात ठेवला, खाली वाकून पाहिलं. मी दात काढून उभा. म्हणाली, "जुनी खोळ?"

मी म्हटलं, "पिंजारी घेऊन गेला. चिंध्याच होत्या ना."

ती सरळ स्वयंपाकाला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. अकरा दिवस मला जेवायला वाढलं अन् बोलली नाही. त्या रविवारी चांदमारीला पण गेली नाही. वाटी कपाटात उपडी.

बाराव्या दिवशी मी पिंजाऱ्याला शोधायला निघालो. तो गोहलपूरकडं राहतो असं कोणी सांगितलं. तिथं गेलो तर म्हणे खोळ दिली भंगारवाल्याला. भंगारवाला म्हणे मोटर पुसायला एका मिस्त्रीनं नेली. मिस्त्री म्हणे, "दादा, कपड़ा अच्छा था, पोंछने लायक नहीं था. मैंने चाय वाले को दे दिया, उसने बेंच की गद्दी बनवा ली." चहावाल्याकडं गेलो. तिथं बाकावर आमची गादी होती. म्हणजे आमचं कापड. निळी पट्टी, पांढरी पट्टी, एका टोकाला गोल गोल कापलेल्या कडा. वर एक जाडा माणूस बसून समोसा खाऊन राहिला होता.

मी म्हटलं, "भैया, जरा उठो."

"क्यों?"

"मेरी औरत का सामान है."

तो उठला बिचारा. चहावाल्याला वाटलं मला भूतबाधा झाली आहे. मी त्याला घरून नवी खोळ आणून दिली, पिंजाऱ्यानं शिवलेली ती, कोरी करकरीत. बदल्यात जुनी घेतली. निम्म्याहून जास्त तेला-चहानं गेलेली होती, पण मधला तुकडा चांगला. घरी आणून तिच्यासमोर ठेवला. तिनं उजेडात धरला, दोन्ही हातांनी ओढून पाहिला, नाकाला लावला.

"समोशाचा वास येऊन राहिला," म्हणाली.

अकरा दिवसांनंतर हेच पहिलं बोलणं. मला वाटलं मी चांदमारी जिंकलो.

आम्ही त्या दिवसापासून बिनखोळीच्या गादीवर, वर नुसती चादर टाकून झोपलो. आजही तशीच आहे.

खरी चांदमारी जिंकली ती तिनं, क्लबाच्या वार्षिक दिवशी. जुन्या बंदुकांचा एक सामना ठेवला होता. कर्नल साहेबाची विलायती ठासणीची, आट्यांची, चकचकीत लाकडाची. अजून दोघं-तिघं. ही नऊवारी खोचून, डोक्याला पंचा बांधून उभी. तिथं थैली नव्हती, हातावर मारायचं होतं. मला भीती वाटली, कारण तिची परीक्षा ठासणीची असे, हाताची नसे. तिनं पाच मारल्या. तीन वाटीएवढ्या जागेत, दोन जराशा बाहेर. साहेबाच्या पाच अशा पसरल्या की त्याला ताट लागलं असतं. त्याची नळी फार चांगली होती, पण तो दर बाराला चिंधी नाहीतर बारूद, काहीतरी बदलत राहिला होता. ती मला हळूच म्हणाली, "पाहा, घाबरला की माणूस दोन गोष्टी बदलते."

बक्षीस म्हणून पुरुषाचं घड्याळ दिलं. बाई जिंकेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. साहेबानं स्वतः तिच्या हातात दिलं अन् सलाम ठोकला, खराखुरा, टाच आपटून. म्हणाला, "भाभीजी, पाइप नहीं है, मैं अपने शब्द वापस लेता हूँ." ती म्हणाली, "अभी मत लो साहब. कटोरी बाकी है." घड्याळ मी घालतो. लिहिताना पण हातात आहे.

वाटी बाकी होती ती पाचव्या गोळीमुळे. चार वाटीत, पाचवी बाहेर. पाचवीच काहून, हे तिला दोन वर्षं छळत होतं. मग एक दिवस मीच गज खाली ढकलताना म्हटलं, "पहिली गोळी लोण्यासारखी जाते. पाचवीला छातीनं ढकलावं लागते." ती थांबली. म्हणाली, "हे तुम्ही दोन वर्षं काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तू विचारलं नाही." नळीत काजळी धरत होती. प्रत्येक बारानं थोडी थोडी, अन् पाचव्यापर्यंत वाट अरुंद. मारणाऱ्याला ते कळत नाही, ठासणाऱ्याला कळते. तिनं कपाळाला हात लावला, मग माझ्या खांद्याला लावला. "सात वर्षांची अक्कल तुमच्या हातात होती अन् मी कागद पाहून राहिले."

मग नवा बदल ठरला. प्रत्येक बारानंतर गजाला ओला फडका बांधून नळी एकदा पुसायची, मग कोरडा फडका. बाकी सगळं तेच. चौथी रेघ, मेण-तेल, गादीपाट. गादीपाटाच्या चांगल्या तुकड्यातून शेवटच्या पाच चिंध्या निघाल्या. तिनं त्या हिंगाच्या डबीत ठेवल्या. सुरुवातीला सांगितलेल्या रविवारी आम्ही त्याच घेऊन गेलो होतो. चार चिंध्यांत चार वाटीत. डबीत एक उरली. अन् ती म्हणाली, पाचवी उद्या.

संध्याकाळीच नर्मदेच्या घाटावर सगळं झालं. लेक अन् जावई इथंच गढ्याला राहतात, ते होते. घरी आलो. जावई चांगला आहे, पाच वेळा पारखलेला. तो हळूच म्हणाला, "पापाजी, मम्मी के नाम पे लाइसेंस था. बंदूक कल थाने में जमा करनी पड़ेगी. नियम है." मी म्हटलं, हो. मला नियम माहीत होता. कल म्हणजे उद्या, हे पण माहीत होतं.

सकाळी उजाडताच मी उठलो. चादरीत बंदूक गुंडाळली, पिशवीत माप, गज, फडके, हिंगाची डबी घेतली. गादीखालून वरचा कागद काढला, चार भोकांचा. वाटी घेतली. दाराशी लेक उभी.

"बाबा, कहाँ जा रहे हो?"

"ठाण्यात."

तिनं पिशवीतून वर आलेला गज पाहिला. तिला मराठी समजते, बोलत नाही. पण त्या दिवशी बोलली. "आईचं राहिलं आहे का?"

"एक राहिलं."

तिनं चप्पल घातली. जावई मागून म्हणाला, "अरे सुतक में..." लेक त्याला म्हणाली, "आप चाय बनाओ." स्कूटरवर मागे बसली अन् बंदूक मांडीवर आडवी घेतली, आईसारखीच. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

हवालदार मैदानावरच राहतो. त्यानं आम्हाला पाहिलं, माझं भादरलेलं डोकं पाहिलं, समजला. लाल झेंडा चढवला अन् फळीवर तोच कागद तसाच लावला, चारही कोपरे कालच्याच खिळ्यांवर. कर्नल साहेब रोज सकाळी तिथं फिरायला येतो, तो पण होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

मी सात वर्षं ठासलं, मारलं कधी नाही. मला आवाजाला डोळे मिटायची सवय. चौतीस वर्षं कारखान्यात पण गेली नाही. मी लेकीला म्हटलं, "मी बिघडवीन. साहेबाला सांग मारायला."

लेक म्हणाली, "आई म्हणायची ना, परीक्षा माणसाची नाही, ठासणीची. थैली पे रखो, बस."

मी ठासायला घेतलं. चौथी रेघ. बारूद ओतणार तेवढ्यात हात थांबला. नळी पुसायची राहिली होती. कालची काजळी सुकून घट्ट झालेली. ओला फडका फिरवला, काळा निघाला. कोरडा फिरवला. मग बारूद. मग डबीतली ती शेवटची चिंधी, निळी पट्टी बरोबर मधे. गोळी. गज लोण्यासारखा खाली गेला, गजावरच्या खुणेपर्यंत. टोपी बसवली. बंदूक थैलीवर ठेवली, नळीच्या टोकावरची नेमाची माशी कागदावर आणली, जशी काल ती आणत होती. श्वास सोडला. डोळे मिटले का उघडे होते, मला आता सांगता येत नाही. घोडा ओढला.

धूर गेला. हवालदार कागदाकडं चालत गेला. पळाला नाही, चालतच गेला. वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग त्यानं बोटं दाखवली नाहीत. कागदच काढून दोन्ही हातांवर ठेवून घेऊन आला, जसं ताट आणतात.

मी वाटी लेकीला दिली. तिनं भोकांवर उपडी ठेवली. बाहेर एकही राहिलं नाही. साहेबानं वाकून चारही बाजूंनी पाहिलं, स्वतःच्या बोटानं कड फिरवली, अन् म्हणाला, "कटोरी भर गई, भाभीजी." ते तो मला म्हणाला नाही.

मी गवतात जाऊन चिंधी शोधली. दहा पावलांवर पडली होती. उजेडात धरली. कडेनं जरा तपकिरी झालेली, मधे भोक नाही. खिशात ठेवली. मग तिथंच हवालदाराच्या चुलीवर पाणी तापवून नळी धुतली, पुसली, तेलाचा हात फिरवला. घाण बंदूक ती कोणाच्या घरी नेत नसे, ठाणं तरी काय.

ठाण्यात मुंशी झोपाळलेला होता. रजिस्टर उघडलं, परवान्याचं नाव लिहिलं, पुढं मयत लिहिलं. बंदूक उचलून पाहिली, नळीत डोळा लावला.

"पुरानी भरमार," तो ठासणीच्या बंदुकीचं हिंदी नाव लिहिता लिहिता म्हणाला. "हालत? चलती-वलती है कि कबाड़ लिखूँ?"

मी पिशवीतून कागद काढून त्याच्या रजिस्टरवर पसरला अन् वर वाटी ठेवली.

"लिखो," मी म्हटलं. "पाँच में पाँच."